कोऱ्या बटणांचा टाइपरायटर

मी एक जुना टाइपरायटर आहे, आणि मित्रांनो, सध्या मी फार वैतागलो आहे.

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात टोप्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मिस गोबनेट ल्यूसी यांनी आपले खासगी वाणिज्य महाविद्यालय काढले, तेव्हा मी तिथे आलो. आल्या दिवशीच बाईंनी माझ्या बटणांवरची अक्षरे काळ्या रंगाने झाकून टाकली. मुलींनी खाली न बघता टाइप करावे, हा त्यांचा हट्ट! ग्रामोफोनवर बँड लागे आणि त्याच्या ठेक्यावर बोटे पडत. कोणी सवयीने मान खाली घातलीच, तर बाई तिच्या हातांवर कप पुसायचे फडके टाकत.

माझ्यावर शिकलेल्या मुली बँकेत, गोदीच्या कचेरीत लागल्या. लग्न झाले की तेव्हा नोकरी सोडावी लागे. पण तोवर तरी त्या कोणाच्या मिंध्या नव्हत्या. पुढे बाई गेल्या, संगणक आले आणि मी अडगळीत पडलो. कोणी तेलाचा थेंबही दाखवला नाही.

यंदा नवे संचालक टूमी यांना महाविद्यालयाचा इतिहास आठवला. त्यांनी मला पुसून, नवी रिबन घालून दर्शनी दालनात काचेच्या पेटीत बसवले. इथवर ठीक. पण अक्षरे वापरून झिजली असे समजून त्यांनी बटणांवर नवी अक्षरे चिकटवली. तीही ओळीने, ए, बी, सी, डी! मग महाविद्यालयाचे नाव टाइप करून पाहिले. उमटला नुसता गोंधळ.

"बिघडलंय हे! शुक्रवारी भंगारात द्या."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय!

गुरुवारी माजी विद्यार्थिनींचा मेळावा होता. चौऱ्याऐंशी वर्षांच्या डेलिया कॉटर तडक माझ्यापाशी आल्या. ते फडके सर्वांत जास्त वेळा यांच्याच हातांवर पडले होते.

"बाई, राहू द्या, बिघडलंय ते," टूमी म्हणाले.

"ते, का तू? सरक बाजूला, लेका."

पेटी उघडून त्यांनी कागद चढवला आणि टूमींच्या डोळ्यांत बघत धडाधड टाइप केले. एकही चूक नाही.

'मिस ल्यूसी, नवा विद्यार्थी आला आहे. अजून खाली बघतो. फडके पाठवा.'

"अरे वा, सुधारलं की!" टूमी खूश झाले. भंगारवाल्याला त्यांनी नको म्हणून कळवले. तो कागद सोनेरी चौकटीत घालून माझ्याशेजारी टांगला. चिकटवलेली अक्षरे मात्र तशीच ठेवली आणि पेटीला कुलूप लावले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण त्या कशा चालतात, हे आधी ज्यांचे हात त्यांवर फिरले आहेत त्यांना विचारा. डेलियाबाई पलीकडच्याच गल्लीत राहतात. टूमींनी त्यांना अजून एकदाही बोलावलेले नाही.