बुधवारी न बोलणारी बाई

कान तपासण्याच्या केंद्रात काम करणाऱ्या माणसाचा आधी गळा जातो, हे कुणाला सांगून पटत नाही. पण विचार करा. दिवसभर समोर येणारा प्रत्येक जण कमी ऐकणारा. त्याला नाव विचारायचं ते ओरडून, बंद खोलीत बसवून "आवाज आला की बटण दाबा" हे समजवायचं तेही ओरडून. शेवटी त्याच्या मुलाला किंवा सुनेला बाजूला घेऊन निकाल सांगायचा, तर तोही सवयीने ओरडूनच सांगितला जातो आणि ते बिचारे दचकतात. आपल्या या बाईंनी हे काम इतकी वर्षं केलं होतं की केंद्रात त्यांना सगळे भोंगाबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्या ओ पण देत.

घरी निराळी तऱ्हा नव्हती. नवरा, सासूबाई आणि दोन मुली, चौघांनाही दुसऱ्या खोलीतून बोलायची सवय. कुणाचे मोजे सापडत नसत, कुणाला चहा हवा असे, आणि प्रत्येकाला उत्तर तिथल्या तिथे हवं असे. त्यामुळे एका थंडीत बाईंचा आवाज बसला तो उठेचना. केंद्रातल्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाले, "दिवसातून एखादा तास तरी तोंड बंद ठेवा."

"आठवड्यातून जमलं तरी पुष्कळ, डॉक्टर," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

बुधवारी डॉक्टर दुसरीकडे ऑपरेशनला जात, म्हणून दुपारी पेशंट नसत आणि जेवणाची सुट्टी लांबायची. तो वेळ बाईंनी स्वतःकडे ओढून घेतला. बोटं आवळणारे बूट काढून मऊ चपला घालायच्या, बागेला एक फेरी मारायची, बाकावर उन्हात बसून स्पिरिटने तडकलेल्या हातांना निवांत क्रीम चोळायचं आणि मग कुणीतरी केलेलं आयतं जेवायचं. यात मोठं काही नव्हतं. पण लग्नानंतर इतकी चैन बाईंनी प्रथमच केली होती, आणि घरी त्यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

जेवायला त्यांनी निवडलं मागच्या गल्लीतलं एक छोटं इटालियन हॉटेल. कारण अगदी साधं होतं. बाकी ठिकाणी काउंटरशी उभं राहून ओरडावं लागे, इथे टेबलावर छापील कार्ड होतं आणि बोट ठेवलं की काम भागत होतं. टेबलं मोजकी, त्यांवर पुसून पुसून रंग उडालेलं मेणकापड, भिंतीला टोमॅटोच्या रिकाम्या डब्यांत लावलेली तुळशीसारखी दिसणारी बेसिलची रोपं. दुपारचं ताट खिशाला परवडणारं होतं, त्यात भाज्यांचं सूप, त्या दिवसाचा पास्ता आणि बशीतला रस्सा पुसून घ्यायला पावाचा जाड तुकडा. मालक पूर्वी जहाजावर स्वयंपाकी होते आणि तिथल्या इटालियन मुख्य आचाऱ्याच्या शिव्या खात हे सगळं शिकले होते. आता रांधायचं काम लेकीकडे होतं आणि वाढायचं त्यांच्याकडे.

पहिल्या बुधवारी बाई गळ्याला स्कार्फ गुंडाळून गेल्या. मालकांनी काय हवं ते विचारलं, तेव्हा त्यांनी गळ्याला हात लावला, मान हलवली आणि कार्डावर बोट ठेवलं. पुढे मालकांनी पाठीमागून काहीतरी विचारलं. डॉक्टरांचा हुकूम पाळायचाच, म्हणून बाई वळल्याही नाहीत. झालं. मालकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. ते वळसा घालून समोर आले, चीज किसल्याची खूण केली, भुवया उंचावल्या. बाईंनी मान डोलावली. मग त्यांनी लेकीला सांगितलेलं बाईंनी आपल्या दोन्ही धडधाकट कानांनी ऐकलं, "कोपऱ्यातल्या बाईंना ऐकू येत नाही गं. बोलताही येत नाही. काही द्यायचं तर समोरून जात जा."

पुढच्या बुधवारी गळा सुधारला होता. तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. पण कुणी काही विचारत नव्हतं, कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं, आणि बटाट्याच्या छोट्या गोळ्या, म्हणजे न्योक्की, इतक्या मऊ होत्या की दातांनाही सुट्टी. आज नको, पुढच्या खेपेला सांगू, असं करता करता थंडी सरली. दिवसभर ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी राबायचं आणि बुधवारी स्वतःच तसं सोंग घेऊन बसायचं, हे बरं नाही, हे बाईंना कळत होतं. लाज वाटायची. पहिला घास गेला की ती लाजही त्याच्याबरोबर पोटात जायची.

गोची झाली ती मालक बोलायला लागले तेव्हा. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापुढे मन मोकळं करायला कसली भीती? टेबल पुसण्याच्या निमित्ताने ते कोपऱ्यात येत आणि हळू आवाजात सुरू करत. आधी वाढलेलं भाडं, दुखणारे पाय. मग एकदा म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगतो, बाई. माझेही कान गेलेत. गिऱ्हाईक सांगतं एक, मी नेतो दुसरं. लेक आतून हाक मारते, मी अंदाजाने हो ठोकून देतो."

बाई खाली मान घालून पास्ता गुंडाळत राहिल्या. मालकांच्या कानांचं त्यांना दुसऱ्याच बुधवारी कळलं होतं. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही. मालक ज्याला कुजबुज समजत होते ती दारापाशी बसलेल्या माणसालाही ऐकू जात होती.

आणखी एका बुधवारी ते बायकोबद्दल बोलले. ती गेली त्या दिवशी ते उशाशी बसलेले असताना तिने हळूच काहीतरी सांगितलं होतं. "मला ऐकूच आलं नाही हो. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. मी आपलं 'हो, हो, करतो' म्हणालो. कशाला हो म्हणालो कोण जाणे. ते राहिलं ते राहिलंच." त्यांनी टेबल पुसलं, पुसलेलं पुन्हा पुसलं आणि गेले. बाईंनी त्या दिवशी पाव तसाच बशीत ठेवला.

आणि त्यापुढच्या खेपेला ते म्हणाले, "या महिन्यात जागा सोडतोय. लेकीला कानांचं कळलं तर घरी बसवेल, वर माझी कीव करेल. त्यापेक्षा पायांचं निमित्त सांगतो आणि बंद करतो."

खरं सांगायचं तर बाईंना पहिल्यांदा स्वतःचंच वाईट वाटलं. आपला कोपरा जाणार, आपला तास जाणार, पुन्हा डब्यातली गार पोळी आणि फोनवर सासूबाई. मालकांचं वाईट वाटायला बागेच्या फाटकापर्यंत चालावं लागलं, पण वाटलं ते मात्र फार. असली माणसं त्या रोज बघत होत्या. मशीन कानाला लावलं की निम्म्याहून अधिक पुन्हा कामाला लागत. हा माणूस तपासून न घेताच चालतं दुकान बंद करायला निघाला होता. बोलावं, तर एवढं सगळं चोरून ऐकलं हे उघडं पडणार. न बोलावं, तर हॉटेल जाणार.

बाईंनी शहाणपणाने मधला मार्ग काढला. पुढच्या बुधवारी जाताना केंद्राचं कार्ड बशीखाली ठेवलं आणि स्वतःवर खूश होऊन केंद्रात परतल्या.

त्यापुढच्या बुधवारी मालकांनी सुपाबरोबर ते कार्ड परत आणलं. त्यांच्यापुढे धरलं, मग आपल्याच कानाकडे बोट करून हात हलवला. आणि स्वतःशीच म्हणाले, "राहिलं होतं तुमचं. बघितलं मी. इथेच जाता वाटतं? इतकं जाऊन तुम्हाला कणभर फरक नाही, मग माझं काय होणार! बरं झालं, माझा हेलपाटा वाचला." त्यांनी बाईंच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. "आज जागेचा मालक येतोय. देऊन टाकतो शब्द."

बाईंच्या हातातला चमचा सुपात बुडाला. आपल्या सोंगाने केंद्राची अब्रू घालवली होतीच, वर या माणसाचा एकुलता एक रस्ता बंद केला होता.

"मालक, थांबा," त्या म्हणाल्या.

मालक पाठमोरे होते. चालत राहिले. मग बाईंनी आपला कामावरचा आवाज लावला. "मालक! कुठे चाललात? इकडे बघा!"

सगळ्या टेबलांवरचे काटे थांबले. मालक सावकाश वळले. त्यांनी आधी इतर गिऱ्हाइकांकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"मला ऐकू येतं," बाई तशाच ओरडल्या. आता मागे फिरायला वाव नव्हता. "मी त्या केंद्रात पेशंट नाही, तिथे नोकरी करते! कान तुमचे गेलेत, आणि ते अजून कुणी तपासलेसुद्धा नाहीत! तपासायच्या आधी शब्द कसला देता?"

मालकांचा चेहरा उतरला. "ऐकू येतं? म्हणजे मी जे... सगळं ऐकलंत?"

"सगळं."

"बायकोचं पण?"

बाईंनी मान डोलावली. आयुष्यात इतकी शरम त्यांना कधी वाटली नव्हती. मालक काही बोलणार तोच स्वयंपाकघराचं दार ढकलून लेक ओल्या हातांनी बाहेर आली आणि बापाच्या समोर, अगदी तोंडासमोर उभी राहिली.

"बाबा, तुम्ही कुजबुजता ना, ते आत कढईपाशी मला ऐकू येतं. सगळं माहितीये मला. कधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाजवळ तरी बोलत होतात ना. मी तोंड उघडलं असतं तर तेही बंद केलं असतंत." तिने ॲप्रनला हात पुसले. "आणि आईचं म्हणाल, तर मी तिथेच होते, पलंगाच्या पायथ्याशी. आई म्हणाली, खिडकी लावा, गार वाटतंय. तुम्ही हो म्हणालात आणि बसूनच राहिलात, म्हणून मी लावली. एवढंच होतं ते."

"खिडकी?" मालकांनी विचारलं.

"खिडकी, बाबा."

मालकांनी जवळची खुर्ची ओढली आणि बसले. दारापाशी बसलेल्या माणसाने उगाचच पाण्याचा पेला उचलून पुन्हा खाली ठेवला. मग मालक उठले, बाईंच्या पुढ्यातलं न संपलेलं सूप उचललं आणि एवढंच म्हणाले, "गार झालंय. तुमचं झालं असेल तर या आता."

बाई उठून गेल्या. त्या दिवशी कुठेही न रेंगाळता थेट केंद्रात येऊन बसल्या, आणि सहकारी म्हणाली, "भोंगाबाई, आज आवाज का उतरलाय?" तेव्हा त्यांना रडू आलं.

पुढचे दोन बुधवार त्या गल्लीत फिरकल्या नाहीत. मग एका सकाळी रांगेत लेक दिसली आणि तिच्या शेजारी, लग्नाला निघाल्यासारखा इस्त्रीचा शर्ट घालून, मालक. बाईंनी त्यांना बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि काचेपलीकडे आपल्या मशीनशी येऊन बसल्या. मालकांनी त्यांच्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे नजर लावली.

तपासणी सुरू झाली. बाई बारीक बारीक आवाज सोडत होत्या. मालक बटण दाबत होते. दाबत होते, दाबतच होते. बाईंनी हात मशीनवरून काढून मांडीवर ठेवला, तरी पलीकडे बटण दाबणं चालूच. बाईंनी माईक ओढला.

"मालक, आवाज नसताना दाबू नका. इथे खोटेपणा करून चालत नाही."

मालकांनी पहिल्यांदाच काचेतून त्यांच्याकडे पाहिलं.

"हे तुम्ही मला सांगताय?"

बाहेर बसलेली लेक हसली. बाईंना हसू येत होतं आणि हसायचा आपल्याला काय हक्क, असंही वाटत होतं. त्यांनी मान खाली घातली. "पुन्हा पहिल्यापासून करू," त्या म्हणाल्या. या वेळी मालकांनी डोळे मिटून घेतले. बटण क्वचितच दाबलं गेलं, पण जेव्हा दाबलं तेव्हा आवाज होता.

निकाल सांगताना बाईंनी जागेवरून उठून त्यांच्यासमोर खुर्ची घेतली. दोन्ही कानांना मशीन लागेल, सवय व्हायला वेळ लागेल, सुरुवातीला भांड्यांचा आवाज नकोसा होईल, पण हॉटेल चालवता येईल, अगदी आरामात चालवता येईल. मालक त्यांच्या ओठांकडे बघत ऐकत होते. शेवटी उठले, शर्ट नीट केला. लेक पुढे झाली. ते मात्र दारात थांबले.

"बाई, मी अजून रागावलेलो आहे," ते म्हणाले. सगळ्या रांगेला ऐकू गेलं.

"हो," बाई म्हणाल्या. "रागवायलाच हवं."

"चांगलाच रागावलोय. जागा काही सोडलेली नाही, तेव्हा सांगून ठेवतो. बुधवारी याल तेव्हा तुमच्याशी मी एक शब्द बोलणार नाही. लेकही बोलणार नाही. कोपऱ्यात बसायचं, कार्डावर बोट ठेवायचं आणि खाऊन गुपचूप जायचं. कळलं?"

बाईंनी हो म्हणायला उघडलेलं तोंड मिटलं. त्यांनी नुसती मान डोलावली.