साहेबांचं मोडलेलं पीस

“यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून मी ही गोष्ट कुणाला सांगतच नाही,” असं म्हणत अण्णांनी सकाळपासून चौथ्यांदा ती सांगायला घेतली आणि पोस्टमनच्या गालावर साबणाचा ब्रश फिरवला.

पोस्टमन सलूनच्या खुर्चीत मान मागे टाकून बसलेला. त्याला न ऐकून चालण्यासारखं नव्हतं. बाकावरचा शेजारचा शिंपी मात्र हौसेनं बसला होता. प्रत्येक वेळी गोष्टीत काय वाढलं, याचा हिशेब तो वर्तमानपत्राआडून ठेवत होता. दाराजवळच्या स्टुलावर अण्णांची धाकटी बहीण होती. दोन आठवडे लेकीकडे राहून ती आजच परतली होती आणि अण्णांकडे ठेवलेला आपला कॉकटील पक्षी न्यायला आली होती. करडं अंग, पिवळा तुरा, गालावर लाल टिकल्या आणि चालण्यात असा रुबाब, की सगळा बाजार त्याला ‘साहेब’च म्हणे.

पुढच्या महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी तिला तीन महिने जायचं होतं. तेव्हा साहेबांना इथं ठेवायचं की जावेकडे, ते आज बघून ठरवीन, असं तिनं आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. अण्णा एकटे राहणारे. चौदा दिवसांत त्यांना साहेबांच्या शिट्टीवर उठायची आणि समोर कुणीतरी दाणे टिपत असताना जेवायची सवय लागली होती. म्हणून या खेपेला गोष्टीला जोर जरा जास्तच चढला.

झालं असं, की मंगळवारी दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं आणि रस्त्यावरून एक ट्रक गेला. साधासुधा ट्रक नव्हे. त्याच्या हॉर्ननं कपाटातल्या बाटल्या जागच्या जागी फिरल्या. साहेब दचकले, पिंजऱ्यात भिरभिरले, उजवा पंख गजांत अडकला आणि एक पीस मधोमध मोडलं.

“आणि रक्त,” अण्णांनी वस्तरा हवेतच थांबवला. “नळ सुटल्यासारखं. थेट छताला.”

शिंप्यानं छताकडे पाहिलं. मघाशी ते आरशापर्यंतच पोचलं होतं, असं त्यानं नम्रपणे सुचवलं.

“छताला नंतर मी चुना लावला.”

“पीस म्हणजे केसासारखंच की,” पोस्टमन ओठ न हलवता म्हणाला. “त्याला कुठलं रक्त?”

इथंच तर माणूस फसतो, अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. जुनं पीस केसासारखं, कबूल. पण नवं उगवतं ना, ते जिवंत असतं. त्याच्या देठात रक्त खेळत असतं, म्हणून देठ काळानिळा दिसतो. वाढ पुरी झाली की रक्त आटतं आणि देठ पांढरा पडतो. त्याआधी मोडलं, तर ते वाहतच राहतं. आणि एवढ्याशा जिवात मुळात रक्त किती, तर दोन चमचे.

बहिणीनं पदर मुठीत धरला. ते पाहून अण्णांना अंगात आल्यासारखं झालं.

पंचेचाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी आधी तुरटी लावली. साहेबांनी चावून त्यांचं बोट फोडलं, पंखातलं रक्त आणखी वाहिलं. मग पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन. त्या म्हणाल्या, टॉवेलात घ्या, पण छाती आवळू नका, छाती हलली नाही तर पक्ष्याला श्वासच घेता येत नाही. मोडल्या जागी कॉर्नफ्लोअर लावा, चिमटीत दाबून धरा आणि तसेच निघा. अण्णांनी दाबून धरलं. घड्याळ पुढं सरकेना. टॉवेलाच्या आत ते इवलं काळीज बोटांवर धडधडत होतं. कुणाचं जास्त धडधडत होतं, ते सांगता येणार नाही. मग रक्त थांबलं. साहेबांना अंधाऱ्या खोक्यात घालून अण्णा अनवाणी पळाले. वाटेत दोन स्कूटरी मागे टाकल्या.

“सकाळी एकच होती,” शिंपी पुटपुटला.

डॉक्टरीणबाईंनी पंखाचं हाड एका हातानं पक्कं धरलं. पिसाचा उरलेला खुंट मुळापासून काढायचा होता, नाहीतर रक्त पुन्हा वाहिलं असतं. पण चिमटा त्यांनी अण्णांपुढे केला. असा हात आमच्या कॉलेजात कुणाचा नव्हता, म्हणाल्या. अण्णांनी सरळ रेषेत एकच ओढ दिली. आणि साहेब स्पष्ट शब्दांत म्हणाले, थँक्यू.

पोस्टमन साबणाच्या आत हसला. “हळू,” अण्णा म्हणाले, “कान जाईल.”

बहीणही हसत होती, पण डोळे पुसत. तिनं पिंजऱ्याचं दार उघडून साहेबांना मनगटावर घेतलं आणि उजवा पंख अलगद पसरला. मधल्या फटीत जखम सुकली होती. साहेब तिच्या बांगडीला चोच मारत होते. खाणं-पिणं, तब्येत, सगळं झकास.

“तू होतास म्हणून वाचला रे,” ती म्हणाली.

अण्णांनी वस्तरा पुसला. इथं गप्प बसले असते तर पुरे होतं. पण गोष्ट रंगात आली होती. तुझ्या जावेकडे असता तर तिनं नुसता हंबरडा फोडला असता, ते म्हणाले. पक्ष्याच्या पंखाची किंमत कळायला तसा माणूस लागतो.

बहिणीनं मान हलवली आणि सहज म्हणून साहेबांचा डावा पंख उघडला. तो तसाच धरून तिनं पिसांच्या टोकांवरून बोट फिरवलं. मग तिनं तो पोस्टमनला दाखवला, शिंप्याला दाखवला. दोघांनीही हसणं आवरलं.

“अण्णा,” ती म्हणाली, “उजव्या पंखाचं पीस ट्रकनं मोडलं, बरं. मग या डाव्यावर कात्री कुणी चालवली? इतकी सरळ रेघ या बाजारात दुसऱ्या कुणाच्या हाताला येत नाही.”