खेकड्याची चाल

बाबांनी पडद्यावरचा खेकडा निवडला.

"अहो बाबा, तो नुसता मदतनीस आहे. शेजारचा घ्या, काठीवाला म्हातारा. नायक तो आहे."

"नायक लंगडतोय."

"म्हणून तर!"

"लंगडणाराच बघायचा तर घरात आरसा आहे की." बाबांनी चांगल्या हाताने बटण दाबलं. खेकडा तिरका पळत सुटला तो थेट खड्ड्यात.

पुन्हा सुरू.

बाबांनी खेकडाच निवडला. लेकीने कपाळावर हात मारला. व्हिडिओ गेममधल्या पात्रांना चालायला शिकवणं हे तिचं काम. काठीवाल्याची चाल तिने अर्धांगाच्या झटक्यानंतरच्या बाबांना बघून बघून उभी केली होती. डावा पाय ओढणं, वळताना भिंतीला बोटं टेकणं, सगळं. ऑफिसातले साहेब म्हणत होते, असल्या म्हाताऱ्यात स्वतःला कोण बघणार? काढून टाकू. उद्या ठरणार होतं. आणि ती सगळ्यांसमोर म्हणून बसली होती, माझ्या वडिलांना खेळू दे, त्यांना तो आपला वाटेल.

"पाय माझाच उचललास ना?"

ती पडद्याकडे बघत राहिली.

"झकास जमलाय. पण मला नको. दिवसभर मी तोच असतो."

खेकडा खड्ड्यात.

पुन्हा सुरू.

बाबांनी खेकडाच... "आणि म्हातारा तू घे," म्हणत त्यांनी दुसरा रिमोट तिच्या मांडीवर टाकला.

म्हातारा निघाला. काठी, पाय, काठी. खेकडा सुसाट पुढे गेला, खड्ड्याच्या काठाशी थांबला आणि वळला. म्हातारा जवळ आल्यावर पुन्हा थोडा पुढे. पुन्हा थांबला.

"बाबा, पळा की! गुण चाललेत तुमचे."

"जाऊ देत."

"तो येईल हो मागून."

"फार पुढे नाही जायचं. त्याची घाई होते, मग पडतो. आणि अगदी चिकटूनही नाही चालायचं. चिडतो."

तिचा अंगठा बटणावर थबकला. म्हातारा काठी उचलून तसाच थांबला.

"मग उद्या साहेबांना काय सांगू? आपला वाटला की नाही?"

"नाही वाटला." बाबांनी नाक खाजवलं. "पण त्याला टाकून पुढे जाववेना. एवढं सांग."

पडद्यावर खेकडा तोंड फिरवून उगाचच एका दगडाकडे बघत उभा होता. दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात तीही अशीच थोडी पुढे जाऊन मोबाइलमध्ये डोकं घालून उभी राहायची. मोबाइल बंद असायचा. मागून पाय ओढल्याचा आवाज जवळ येईपर्यंत ती मान वर करायची नाही.

"चल, ये सावकाश," बाबा म्हणाले. "मी बघत नाहीये."