यमुनाबाईचं रक्त

वेदिकाच्या लग्नाचा मांडव उतरला त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार तेवीस साली, एप्रिलातल्या एका संध्याकाळी दादू पालशेतकरच्या पडवीत नर्स समीक्षा गुडघे टेकून बसली होती आणि त्याच्या बायकोच्या हाताची शीर शोधत होती.

“हात सैल सोडा, मावशी. मूठ आवळू नका.”

“आवळली नाय गो. हात तसाच झालाय. जन्मभर सुरी धरली ना.”

शीर सापडली. काळसर रक्त नळीत चढू लागलं. एक नळी भरली, दुसरी लावली, तशी यमुनाबाई म्हणाली, “अजून किती काढतेस? बाजारात बसून इकणार हायस काय?”

“दोनच नळ्या, मावशी.”

“मग भाव उतरू नको देऊस.”

समीक्षा हसली. यमुनाबाईही हसायला गेली, पण खोकल्याची उबळ आली आणि हसू तिथंच राहिलं. दादूने पाण्याचा तांब्या पुढे केला.

लग्नाच्या गडबडीत तो खोकला कोणी मनावर घेतला नव्हता. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीच्या टोपलीमागे बसणारी बाई, चुलीच्या धुरात वाढलेली, खोकायचीच. लेक वेदिका राजापूरला सासरी गेली आणि पुढच्याच महिन्यात खोकल्यातून रक्त पडलं. छातीच्या फोटोत फुप्फुसातली गाठ दिसली, तीही काळजाला चिकटून. सुई घालून गाठीचा तुकडा काढायचा, तर मुंबईच्या डॉक्टरीणबाईंना धीर होईना. त्यांनी दुसरी वाट सांगितली. गाठीचे बारीक कण रक्तात सुटतात. ते रक्तातून वेचायचे, त्यांच्यातले जनुक वाचायचे. ठरावीक बिघाड सापडला, तर सलाइनमधून द्यायचं जबर औषध टळतं, रोजची एक गोळी पुरते.

“ही तपासणी आम्ही अजून बसवतो आहोत,” बाई म्हणाल्या होत्या. “पण तुमच्या मिसेससारख्यांसाठीच बसवतोय. वेळ मात्र घालवू नका.”

तेवढं एक वाक्य दादूच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. वेळ घालवायचा नाही.

नेमकी चौदा एप्रिलची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. कुरिअरवाला सोमवारशिवाय येणार नव्हता. समीक्षाने मुंबईला फोन लावला, तेव्हा शनिवारी दुपारपर्यंत तिकडे माणूस असेल असं कळलं.

“मीच नेतो,” दादू म्हणाला. “पहाटेची गाडी धरतो.”

“चालेल, काका.” तिने नळ्या कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवल्या. “फक्त बर्फ घालू नका हां. फ्रिजमध्येही नको. घरात आहे तशीच हवा बरी, सावलीला ठेवा.”

“बरं, बाय.”

ती स्कूटरवर बसून गेली आणि दादू त्या खोक्याकडे बघत राहिला.

त्याची उभी हयात बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात गेली होती. लादी क्रशरमध्ये ढकलायची, खाली भुगा पडतो तो बोटवाल्यांच्या पेट्यांत भरायचा. जिवातून निघालेली वस्तू बर्फाशिवाय टिकत नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं; ते त्याच्या हाताला ठाऊक होतं. मासळी असो, मटण असो. मुंबईचा मुलगा पोचेपर्यंत थांबवून ठेवलेल्या मढ्यालासुद्धा त्याने लाद्या पोचवल्या होत्या. आणि ही पोरगी सांगते, बर्फ नको. पोरगी गुणी, पण कऱ्हाडची. कोकणातला चैत्र, रेल्वेचा तापलेला डबा, यातलं तिला काय माहीत?

“तुला काय वाटतं गो?” त्याने बायकोला विचारलं.

“मला काय कळतंय त्यातलं? पण उन्हात तापलं, तर नासणारच की.”

“मी पण तेच म्हणतो.”

तो कारखान्यावर गेला. क्रशरवर सदू होता, त्याचा जुना जोडीदार.

“काय रे, रजेवर असून बर्फाला आलास? घरात पापलेट आणलंस वाटतं, आमाला न सांगता?”

“पापलेट नाय. यमुनेचं रक्त हाय. मुंबईला न्यायचंय.”

सदूची मस्करी तिथल्या तिथे विझली. त्याने नवी लादी काढली, अगदी काचेसारखी, आणि भुगा स्वतःच्या हाताने बारीक करून दिला. घरी आल्यावर दादूने थर्माकोलच्या पेटीत तळाला भुगा पसरला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून नळ्या ठेवल्या, वर पुन्हा भुगा. यमुनाबाई खाटेवरून बघत होती.

“मूठभर जाडं मीठ टाका ओ. लांब जायचंय.”

मिठाने बर्फ जास्त गार होतो, हे बंदरावरच्या पोरांनाही माहीत असतं. दादूने मूठ नाही, दोन मुठी टाकल्या.

मुंबईत त्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी तो पोचला, तेव्हा सदरा घामाने पाठीला चिकटला होता, पण पेटी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. आतल्या तरुणाने झाकण उघडलं. पांढऱ्या भुग्यातून वाफ निघाल्यासारखी हवा वर आली.

“हात लावून बगा,” दादू अभिमानाने म्हणाला. “रत्नागिरीला भरलाय, अजून जसाच्या तसा.”

त्या तरुणाने नळ्या काढून उजेडात धरल्या. रक्त गोठून दगड झालं होतं.

“काका, बर्फ कोणी घालायला सांगितला?”

तरुण आत गेला आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या त्याला बाकावर बसवून शांतपणे सांगत राहिल्या. रक्त गोठलं की त्यातल्या पेशी फुटतात. त्यांच्या पोटातलं सगळं बाहेर सांडतं. गाठीचे कण मुळातच थोडे, ते त्या गर्दीत हरवून जातात. ह्या नळ्यांत आता काही वाचता येणार नाही.

“मग दुसरं रक्त घ्या. उद्याच काढून आणतो.”

“नळ्या खास असतात, बाहेरून येतात. आमच्याकडच्या संपल्या आहेत. आणि तपासणी अजून चाचणीवरच आहे, रोज चालत नाही. तीन-चार आठवडे जातील.”

वेळ घालवू नका, हे याच बाई म्हणाल्या होत्या. आता त्या ते म्हणाल्या नाहीत.

घरी यमुनाबाई वाट बघत होती. “दिलंत?”

“दिलं.”

ते खोटं नव्हतं. दादूने पेटी परसात नेऊन उपडी केली.

आठवड्याने समीक्षाचा फोन आला, तो नेमका यमुनाबाईने घेतला. नळ्या आल्या की पुन्हा रक्त काढावं लागेल, पहिलं सॅम्पल खराब झालं, एवढंच ती बोलली. दादू बाजारातून आला, तेव्हा यमुनाबाईने कपबशी, ताट, तांब्या असं आपलं वेगळं काढून खाटेखाली ठेवलं होतं.

“हे काय?”

“माझं रक्तच खराब निघालं म्हणतात. म्हणून परत मागतायत. वेदिका येईल, तिच्या पोटात बाळ हाय. माझं उष्टं नको तिला लागायला.”

आता बोलावं, असं दादूच्या अगदी ओठावर आलं. पण तिने तोंड भिंतीकडे केलं आणि तो ताटाकडे बघत राहिला. उद्या सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं.

वेदिका आली. आईच्या कपातला चहा उरलेला बघून तिने तो लहानपणापासूनच्या सवयीने तोंडाला लावला. यमुनाबाईने खाटेवरून झेप घ्यावी तसा हात मारला. कप फुटला.

“खुळी झालीस काय, आये?”

“नासलंय गो माझं रक्त! मुंबईवाल्यांनी सांगितलं. तू लांब बस.”

वेदिका रडायला लागली. दादूने खाली बसून फुटक्या कपाचे तुकडे गोळा केले. सगळे गोळा झाल्यावर त्याला उठायला काही कारण उरलं नाही, तेव्हा तो जमिनीकडे बघूनच म्हणाला, “तुझं रक्त चांगलं होतं, यमुने. मी नासवलं. ती पोरगी बर्फ नको म्हणाली होती. मी घातला.”

मग यमुनाबाईने विचारलं, “कधी कळलं तुमाला?”

“तिथंच. मुंबईत.”

“म्हणजे इतके दिवस मी माझ्या लेकीला लांब बसवलं, ते उगाच?”

त्याने मान हलवली. बर्फाबद्दल ती एका शब्दाने बोलली नाही. उलट म्हणाली, “मीठ मीच टाकायला सांगितलं. त्याचं काय नाय. पण हे तुमी सांगायला पायजे होतं.” आणि वेदिकाला जवळ ओढून तिचं डोकं मांडीवर घेतलं.

मे सरता सरता नळ्या आल्या. ह्या खेपेला दादूने समीक्षाला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली आणि खोकं पंच्यात गुंडाळून, मांडीवर ठेवून मुंबई गाठली. तरुणाने नळ्या गरगर फिरणाऱ्या यंत्रात घातल्या. वर पिवळसर पाणी सुटलं, ते वेगळं काढलं आणि एका उंच कपाटाचं दार उघडलं. आत सगळीकडे बर्फ साचला होता.

“हे चालतं?” दादू पुढे सरकला.

“आता चालतं. पेशी आधी बाजूला काढायच्या, मग गोठवायचं.”

पोट साफ करून मग बर्फात. सुरमईचं आणि काय वेगळं असतं? इतकी साधी गोष्ट. त्या संध्याकाळी त्याने समीक्षाला एक शब्द विचारला असता, बर्फ नको तो का, तर तिनेही इतकंच सांगितलं असतं. त्याने विचारलं नव्हतं.

बिघाड सापडला, गोळीला मानणाराच निघाला. जूनच्या मध्याला गोळी सुरू झाली. तोवर गाठ यकृतात उतरली होती आणि यमुनाबाई भिंतीला धरून चालत होती. तरी गोळीने आपलं काम केलं. आषाढात खोकला थांबला. ती उठून चुलीशी बसली, स्वतः वाटण वाटलं, वेदिकाला वाढलं, दादूला म्हणाली, “तिखट कमी झालं काय?”

“बरोबर हाय.”

“खोटं बोलू नका. आता तरी.”

“कमी झालं,” तो म्हणाला. ती समाधानाने हसली.

त्या जेवणाने दादूला जितका आनंद दिला, तितकंच सोलून काढलं. गोळी लागू पडते, हे त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. डॉक्टरीणबाईंना त्याने फोनवर विचारलं, महिनाभर आधी मिळाली असती तर? बाई म्हणाल्या, तसं कोणी सांगू शकत नाही, काका. त्याला सांगण्याची गरजही नव्हती.

श्रावणात कावीळ चढली आणि गोळीचा इलाज संपला. बोटी पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या होत्या. सदू दोनदा बोलवायला आला, दादू गेला नाही. तो खाटेशी बसून राहायचा आणि ती विचारील त्याचं उत्तर द्यायचा. डॉक्टर काय म्हणाले, पायाची सूज किती, वेदिकाचं बाळ बघायला मिळेल का. मिळणार नाही, असंही त्याने सांगितलं. ऐकून ती म्हणाली, मुलगी झाली तर नाव तिच्या सासरच्यांनाच ठेवू द्या, तुमी मध्ये पडू नका.

यमुनाबाई दादू पालशेतकर, वय एकसष्ट, मंगळवार, एकोणतीस ऑगस्ट दोन हजार तेवीस रोजी सकाळी मिरकरवाड्यात आपल्या घरी वारली.