ओरडल्याशिवाय घास नाही

साहेब, म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं केंद्र ऐन सुट्टीत बंद ठेवायची अक्कल तुमचीच ना? शहर सुट्टीवर गेलं की माझ्या सासऱ्यांचा अर्धांगवायूही सुट्टीवर जातो, असं वाटलं तुम्हाला?

आबा जन्मभर कारखान्यात मुकादम होते. माणसांवर ओरडून काम घेतलं. आता त्यांच्यावर कुणी ओरडल्याशिवाय घास गिळत नाहीत. ते काम माझं. सुट्टीला आलेल्या थोरल्या नणंदेनं पहिल्याच जेवणाला कपाळावर हात मारला.

"वहिनी, किती खेकसतेस गं! उद्या तू बहिणीकडे जाऊन ये. मी भरवते, प्रेमानं."

सुट्टीतला पहिला मोकळा दिवस! ठेवणीतले कपडे घालून बसथांब्यावर पोचते न पोचते तोच ताईंचा फोन.

"अगं, तोंडच उघडत नाहीत! माझं सोनं म्हटलं, तर घास थुंकला माझ्यावर!"

"फोन त्यांच्या कानाला लावा," म्हटलं आणि भर थांब्यावर आवाज चढवला. "आबा! नखरे पुरे! गिळा मुकाट्यानं!"

बाकावरच्या गृहस्थांनी उरलेलं केळं एका दमात गिळलं.

"गिळलं!" ताई किंचाळल्या. "आता दुसरा घास?"

घासाघासाला मी ओरडत राहिले. बस आली, थांबली, गेली. गृहस्थ घाईघाईनं तिच्यात चढले, मी राहिले. माझं डोकंच सटकलं.

"ताई, मला जायचंय! बाप तुमचा आहे, तुम्ही ओरडा!"

मग असा आवाज आला की मी फोन कानापासून लांब धरला.

"शिकायचं होतं मला! स्थळ आलं म्हणून लग्न उरकून टाकलंत! आणि आता भरवते तर थुंकता? उघडा तोंड!"

आबांनी वाटी संपवली म्हणे. वर बोटानं आणखी मागितलं.

"जा तू बिनधास्त," ताई रडत-हसत म्हणाल्या. "मला अजून बरंच बोलायचंय त्यांच्याशी."

पुढच्या बसमध्ये खिडकी मिळाली. खूश व्हायला हवं होतं. पण लबाड माणूस माझ्याशिवाय जेवला म्हणून माझ्या पोटात दुखायला लागलं. आबा उपाशी राहिले असते तर छाती फुगली असती माझी. स्वतःचीच लाज वाटली. तरी खाली उतरले नाही, हेही ऐका.

ताई काही दर सुट्टीला येणार नाहीत. पुढच्या सुट्टीत केंद्र उघडं ठेवणार आहात का? बघतो, विचार करतो, असलं काही नको. हो की नाही, तेवढं बोला.