रिकाम्या हॉलचा चढा भाव

मी एक जुना पत्र्याचा दरफलक आहे, मित्रांनो, आणि जे पाहिलं त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

तिसगावच्या पेंटरनं मला एका दुपारात रंगवलं आणि मच्छिंद्र तात्यांनी आपल्या मंगल कार्यालयाच्या दारावर ठोकलं. माझ्यावर एकच भाडं लिहिलेलं. सरपंच येवो नाहीतर ऊसतोडीवाला, सगळ्यांना तेच. तरी लोक मला वाचून झाल्यावर तात्यांशी घासाघीस करायचेच, आणि तात्या थोडं सोडायचे. मला राग यायचा. सोडायचंच होतं तर मला रंगवलं कशाला? पण लग्नं लागायची, पंगती उठायच्या.

मग तात्यांची लेक राजनंदिनी पुण्याहून शिकून आली. तिनं टेबलावर संगणक मांडला. ज्या तारखेची चौकशी जास्त, तिचं भाडं आपोआप चढणार आणि चौकशी थांबली की उतरणार. खरं सांगतो, त्यात वाईट काही नव्हतं. आडवारी, लग्नाची तिथी नसेल तेव्हा, हॉल स्वस्त झाला, त्यामुळे बारशी, साखरपुडे होऊ लागले. तात्या खूश झाले. मला मात्र उतरवून ऑफिसच्या मागच्या खिडकीला उन्हाचा आडोसा म्हणून लावलं. इतकी वर्षं दारात उभा राहिलो, त्याचं हे बक्षीस. नशीब एवढंच की तिथून आतलं ऑफिस आणि मागचं मोकळं रान, दोन्ही दिसायचं.

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तेव्हा ऊसतोडीहून परतलेली लंकाबाई आली. तिच्या लेकीचं, आरतीचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं.

"माझं लगीन उसाच्या फडात लागलं, ताई," ती म्हणाली. "पोरीचं तरी पंख्याखाली लागावं, एवढंच हाय."

भाडं तिला झेपणारं होतं. "घरच्या मान्सांना इचारते अन् येते," असं सांगून ती गेली.

त्यानंतर त्याच तारखेसाठी फोन सुरू झाले. रोज कुणी ना कुणी विचारायचं, "काय भाडं हाय? कमी न्हाई का व्हायचं?" संगणक चौकशी धरायचा आणि आकडा चढवायचा. लंकाबाई परत आली तेव्हा भाडं दुपटीला टेकलं होतं.

"परवा तर एवढं न्हवतं, ताई."

"त्या तारखेला लई मागणी आहे, मावशी. मी नाही ठरवत, संगणक ठरवतो."

तात्या हळूच म्हणाले, "पोरी, थोडं सोड." पण राजनंदिनीनं मान हलवली. एवढी गिऱ्हाईकं थांबलेली असताना कसं सोडायचं? लंकाबाईनं एकदा वरच्या पंख्यांकडे पाहिलं आणि ती निघून गेली.

लग्नाची तारीख उजाडली आणि हॉल रिकामा. एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं. विचारणारे फोन मात्र आदल्या दिवसापर्यंत चालूच होते, त्यामुळे पडद्यावरचं भाडं कधी नव्हतं एवढं चढलेलं. राजनंदिनीचं तोंड उतरलं. तिनं चौकशी केलेल्यांना एकेक फोन लावला.

"आमी लग्नात हाय, मागून बोला," पहिला म्हणाला. पाठीमागं बँड वाजत होता.

दुसऱ्याच्या फोनमध्येही बँड होता. तिसऱ्याच्या फोनमध्ये तेच गाणं. तिनं फोन कानापासून काढला, तरी गाणं थांबेना. ते माझ्यामागून, खिडकीतून येत होतं. तिनं मला ओढून बाजूला केलं. मागच्या रानात मांडव होता आणि मांडवात आरतीचं लग्न.

मित्रांनो, मांडव मी सकाळीच पाहिला होता, पण फोनचा मेळ मला आत्ता लागला. ते सगळे फोन एकाच घरचे होते. मामा, चुलता, आत्याचे यजमान. आपल्या ओळखीनं थोडं कमी होईल, असं प्रत्येकाला वाटलं आणि प्रत्येकानं विचारून विचारून आपल्याच पोरीच्या लग्नाचं भाडं वाढवलं. मला वाचून तात्यांशी घासाघीस करणारी हीच तर माणसं. तेव्हा भाडं उतरायचं, आता चढलं.

राजनंदिनी तशीच उन्हात धावली. मांडवात माणसं घामानं निथळत होती.

"मावशी, सगळ्यांना आत घेऊन चला. भाडं नको मला."

लंकाबाईनं पदरानं तोंड पुसलं. रागावली नाही ती. "अक्षता पडल्या, ताई," ती म्हणाली. "आता आल्यासारखं जेवून जा."

राजनंदिनी पंगतीला बसली.

मला गंजू द्या, मित्रांनो, माझी तक्रार नाही. मोजा, खुशाल मोजा. पण मोजलेलं माणूस कोण आहे, तेवढं विचारत जा. राजनंदिनी आता फोन उचलला की भाडं नंतर सांगते. आधी विचारते, "लग्न कुणाचं आहे?" आरतीच्या वेळी तेवढंच विचारायचं राहून गेलं.