कोब्याखाली

‘हात धुवा’ या चौकटीवर भाऊंनी बोट टेकवलं आणि फोनच्या पडद्यावर पुढचा मजकूर उमटला.

‘तुम्ही हात धुता. कोपरापर्यंत. मग पंचा घेऊन एकेक बोट वेगळं पुसता, अंगठा सगळ्यात शेवटी. नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणता. आतल्या खोलीत कोणीतरी कूस बदलतं. आता तुम्ही काय कराल?’

खाली तीन चौकटी होत्या. भाऊंनी एकही दाबली नाही. गिऱ्हाइकाचा चष्मा पुसायचा राहिला होता, तो उचलला. काच पुसून झाली, हात पुसायला घेतले, आणि अंगठ्यापाशी येऊन त्यांचा हात थांबला.

दुपारची वेळ होती. चष्म्याच्या दुकानात चिटपाखरू नव्हतं. हा खेळ आदल्या दिवशी जावयाने त्यांच्या फोनमध्ये घालून दिला होता. बायकोचं कौतुक करताना त्याला स्वर्ग दोन बोटं उरायचा.

“भाऊ, तुमची लेक काय लिहिते ते एकदा बघा तरी. लोकांनी डोक्यावर घेतलंय. गोष्टच आहे, फक्त मधेमधे ती तुम्हाला विचारते, पुढे काय करू. तुम्ही सांगाल तशी वळते.”

“आणि मी कोण त्यात?”

“तुम्ही खुनी!” जावई खदखदून हसला होता. “एकामागून एक माणसं मारत सुटलेला. पण वरून इतका सज्जन, की शेजाऱ्यांना पत्ता नाही.”

लेक तेव्हा टेबलावरची ताटं उचलत होती. ती हसली नव्हती.

“बाबांना नको ते. कंटाळतील,” एवढंच म्हणून ती पाठमोरी आत निघून गेली होती.

भाऊंनी तेव्हा ते मनावर घेतलं नव्हतं.

खेळातला माणूस कुलपं दुरुस्त करणारा होता, चष्मेवाला नव्हता. तेवढाच काय तो फरक. कुठलंही काम उरकलं की तो ‘झालं एकदाचं’ म्हणे. गॅस बंद केल्यावर बटण पुन्हा एकदा दाबून बघे. चिडला की आवाज चढवायच्या ऐवजी उतरवे. भाऊ वाचत गेले तसतसं त्यांना वाटू लागलं, की कमरेएवढ्या उंचीचं कोणीतरी वर्षानुवर्षं दाराआडून आपल्याला न्याहाळत होतं, आणि आपल्याला त्याची गंधवार्ता नव्हती. दुकानात कोणी नसूनही त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.

पडद्यावर सकाळ झाली. आतल्या खोलीतली छोटी मुलगी डोळे चोळत बाहेर आली आणि आई कुठे आहे म्हणून विचारू लागली.

‘आई कामासाठी बाहेरगावी गेली आहे, येईल, असं सांगा.’
‘गप्प बसा.’
‘तिच्या वेण्या घाला.’

बायको घर सोडून गेली त्या सकाळी भाऊंनी पहिलं केलं होतं आणि मग तिसरं. वेण्या वाकड्या आल्या होत्या.

त्यांनी पहिली चौकट दाबली. पुढच्या पानावर निवडायला काही नव्हतं. एकच चौकट होती.

‘गवंड्याला बोलवा. परसातली फुलझाडं उपटून तिथे सिमेंटचा कोबा करून घ्या.’

फोन काउंटरवर पालथा घालून भाऊ स्टुलावर बसले. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तेही त्यांना कळलं नाही. “चष्मा झाला का, भाऊ?” असं त्याने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते दचकले.

ती फुलझाडं बायकोची होती. ती गेल्यावरही झाडं मुकाट्याने फुलत राहिली, आणि सकाळी दात घासताना ती फुलं बघवेनात, म्हणून भाऊंनी कोबा करून घेतला होता. एवढंच. मुलगी तेव्हापासून परसात जायची ती भिंतीला पाठ घासत, कडेकडेने. कोब्यावर पाय ठेवायची नाही. पोरांचा खेळ असतो तसा खेळ, म्हणून भाऊ ते हसून बघायचे. एकदा तर त्यांनी स्वतःही तसं चालून दाखवलं होतं. ती रडत आत पळाली होती.

आता एकेक गोष्ट उलटून समोर येऊ लागली. लग्न झाल्यापासून ती माहेरी एकही रात्र राहिली नव्हती, नेहमी काही ना काही काम निघायचं. जावई गावात नसला की फोन करायची, यायची नाही. आईचा विषय तिने लहानपणीच टाकला होता, आणि केवढी समजूतदार पोर म्हणून भाऊंनी मनातल्या मनात तिची पाठ थोपटली होती.

खरं काय ते सांगणं सोपं होतं. बायको दुसऱ्या शहरात दुसऱ्या माणसाच्या घरी गेली होती. भाऊ एकदा तिथवर जाऊन आले होते. तिने त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. माझं सोड, निदान मुलीला तरी घेऊन जा, ती रोज खिडकीत बसते, असं ते म्हणाले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती, “मला ती नकोय. तिला काहीही सांगा.” भाऊंनी काहीच सांगितलं नाही. तो ‘नकोय’ त्यांनी स्वतःजवळच ठेवला. लेकीने आपल्याला खुनी समजावं, की हा शब्द ऐकावा, हे त्यांना दुकान बंद करेपर्यंत ठरवता येईना. मग त्यांना तिसरीच वाट सुचली. तिला काही सांगायला नको. नुसतं दाखवायचं.

रविवारी दोघं आली तेव्हा परसात पहार, घण आणि फावडं मांडून ठेवलेलं होतं.

“हे काय काढलंत, भाऊ?” जावयाने विचारलं.

“कोबा फोडतोय. झाडं लावीन म्हणतो.”

“या वयात? अहो, कंबर धरेल. गडी बघू की एखादा.”

“मलाच फोडायचाय.” त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारातच थांबली होती. “तू फक्त उभी राहा. तुला दिसेल अशी.”

तिचा हात चौकटीवर घट्ट झाला.

“खेळलात तुम्ही,” ती म्हणाली.

“खेळलो.”

“कुठपर्यंत?”

“एकच चौकट येते तिथपर्यंत.”

जावयाने आधी बायकोकडे पाहिलं, मग भाऊंकडे. “मी चहा टाकतो,” असं पुटपुटत तो आत सटकला.

पहिल्या घावाला कोब्यावर नुसता ओरखडा उठला. मग कोपरा उडाला, आणि पुढे सिमेंट भाकरीच्या पोपड्यासारखं सुटत गेलं. भाऊंचा सदरा पाठीला चिकटला. तुकडे बाजूला सारून ते फावड्याने माती उपसू लागले. खापराची कुंडी निघाली, फुटकी. कुजलेली मुळं निघाली. प्रत्येक फावड्यागणिक त्यांच्या छातीवरचं ओझं उतरत होतं. तिच्या डोळ्यांदेखत ते होत होतं हे महत्त्वाचं. खड्डा गुडघ्याच्या वर गेला तेव्हा ती पायरी उतरून आली आणि कडेला उभी राहिली.

भाऊ धापा टाकत ताठ झाले.

“बघ. नुसती माती आहे.”

तिचा चेहरा सैल होईल, कदाचित ती रडेल, माफी मागेल, मग आपण ‘वेडी की काय’ म्हणू, इथवर सगळं त्यांनी मनाशी योजून ठेवलं होतं. ती खड्ड्यात बघत राहिली.

“अजून खणा,” ती म्हणाली.

त्यांनी खणलं. माती ओली आणि काळी लागू लागली.

“इथे नाही. तिकडे, भिंतीकडे.”

त्यांनी भिंतीकडे खणलं. तिथेही काही नव्हतं. तेव्हा ती खड्ड्यात उतरली, त्यांच्या हातातलं फावडं तिने जवळजवळ हिसकावून घेतलं आणि स्वतः खणू लागली. तिला सवय नव्हती. माती तिच्याच पायांवर पडत होती.

“बाळा, काही नाहीये तिथे.”

“असेल.”

“नाहीये गं. शपथ घेतो.”

“असेल, बाबा!” तिचा आवाज चिरकला. “नसेल तर मग...”

पुढचं तिने गिळलं. मातीने माखलेल्या हातांनी ती पुन्हा फावडं उचलायला गेली आणि ते तिच्याच्याने उचललं गेलं नाही. भीतीने कोणी असं खणत नाही, हे भाऊंना आत्ता कळत होतं. जी गोष्ट आपण एवढ्या निगुतीने लपवली असं ते समजत होते, ती तिला तेव्हाच, त्या खिडकीत बसल्या बसल्या, सुचून गेली असणार. आईला आपण नको होतो, की आई या कोब्याखाली आहे, या दोन्हींतली तिने कोब्याखालची निवडली होती.

जावई चहाचे कप घेऊन दारात आला आणि तिथेच थांबला.

“थोडंच राहिलंय,” ती खाली बघत म्हणाली. “अजून थोडं खणा ना, बाबा.”

भाऊंनी तिच्या हातातून फावडं घेतलं, तिला जरा बाजूला उभं केलं, आणि भिंतीकडच्या मातीत पुन्हा घातलं.